पाणबुड्याचा श्वास

धाराशिव जिल्ह्यास समुद्रकिनारा नाहीं. परंतु बुडी मारण्याची विद्या तेथें परकी नाहीं. पाठीस सुका भोपळा बांधून विहिरींत उतरलेलें पोर कालांतरानें भोपळा टाकून देतें आणि एके दिवशीं तळाचा गाळ मुठींत घेऊन वर येतें. या विद्येचा मूलमंत्र एकच: श्वास कोंडावा, आणि डोकें पाण्याबाहेर येईपर्यंत तो सोडूं नये. हींच पोरें मोठेपणीं मालवण-तारकर्लीस जातात आणि पाठीवर हवेचें नळकांडें बांधून समुद्रांत उतरतात. तेथें मात्र हा मंत्र प्राणघातक ठरूं शकतो.

याचें कारण पाण्याच्या दाबांत आहे. समुद्रांत दर दहा मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. विहिरींत बुडणाऱ्याच्या छातींतील हवा वरचीच असते. खालीं ती आकसते व वर येतांना पूर्ववत् होते. नळकांड्यांतील हवा मात्र त्या त्या खोलीच्या दाबानेंच छातींत भरते. दहा मीटरांवर श्वास कोंडून कोणी वर निघाला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटतें. म्हणून श्वासोच्छ्वास क्षणभरही न थांबविणें हा पाणबुड्याचा पहिला नियम होय.

दुसरा धोका उमगण्यास मनुष्यजातीला दोन शतकांहून अधिक काळ लागला. १६७० सालीं रॉबर्ट बॉईल यानें हवा काढलेल्या पात्रांतील सापाच्या डोळ्यांत एक बुडबुडा हालतांना पाहिला. पुढें एकोणिसाव्या शतकांत पुलांचे पाये खणणारे मजूर नदीच्या तळाशीं दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत काम करूं लागले, आणि वर आल्यावर सांधेदुखीनें व पक्षाघातानें पीडित होऊं लागले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग हा १८७२ सालीं याच विकारानें जर्जर झाला. पुढील काम त्याची पत्नी एमिली हिच्या मार्फत चाललें. दाबाखालीं रक्तांत विरघळलेला नायट्रोजन दाब एकाएकीं उतरतांच बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो, हें १८७८ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यानें दाखविलें. जॉन स्कॉट हॉल्डेन यानें शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्याचा पुत्र जे. बी. एस्. हॉल्डेन हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत स्वतःच्या देहावर दाबाचे प्रयोग करीत असे. तो १९५७ सालीं भारतांत आला व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें निवर्तला.

१९४३ सालीं कुस्तो व गान्यां यांनीं मागणीप्रमाणें हवा देणारी झडप सिद्ध केली, आणि नावेशीं जोडलेल्या नळीपासून पाणबुडा मोकळा झाला. पण नळी सुटली तशी नावेवरील माणसाची राखणही सुटली. आतां नियम पाळणें ज्याचें त्याच्याकडे आलें: मिनिटास नऊ-दहा मीटरांहून वेगानें वर येऊं नये, पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, सोबत्यावांचून उतरूं नये, उतरतांना नाक दाबून कानांतील दाब वरचेवर सारखा करावा, व सर्दी असल्यास त्या दिवशीं पाण्यांत जाऊंच नये. दमा वा हृद्रोग असणाऱ्यानें आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पठारावरील रहिवाशांस आणखी एक गोष्ट ध्यानीं धरणें अवश्य आहे. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांहून उंच आहे, आणि कोंकणांतून परततांना सह्याद्रीचा घाट चढावाच लागतो. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून अंगांत उरलेल्या नायट्रोजनास तेथें पुन्हा बुडबुडे होण्याची संधि मिळते. विमानप्रवासापूर्वीं एका साध्या बुडीनंतर निदान बारा तास व अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावें, असा संकेत आहे; घाट चढणाऱ्यानेंही तसाच विवेक ठेवावा. उथळ व अल्पकाळच्या बुडीनंतर धोका थोडा असतो. खोल वा वारंवार बुड्यांनंतर तो वाढतो. घरीं पोंचल्यावर सांधे दुखूं लागले, अंगास मुंग्या आल्या वा बधिरता जाणवली, तर तो प्रवासाचा शीण समजूं नये. डॉक्टरांस बुडीची हकीकत प्रथम सांगावी. कारण या विकारावर प्राणवायु आणि पुन्हा दाबाच्या कोठडींत ठेवणें हाच उपाय आहे, आणि तो जितका लौकर, तितका गुणकारी.