मोर्व्हांच्या जलाशयांकाठी धावताना : वाटा, खुणा आणि शिष्टाचार

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे अडीचशे किलोमीटरवर, बुर्गोन्य म्हणजेच बर्गंडीच्या मधोमध, मोर्व्हां नावाचा ग्रॅनाइटचा डोंगराळ प्रदेश आहे. न्येव्र, योन, कोत-द-ओर आणि सोन-ए-ल्वार या चार जिल्ह्यांत तो विभागला गेला आहे. विरळ वस्ती, झुडपी कुंपणांनी आखलेली कुरणे, ओक आणि बीचची दाट राने व त्यांच्या कुशीत पहुडलेले सहा मोठे जलाशय हे त्याचे रूप. ओ-फोलँ हे सर्वोच्च शिखर अवघे ९०१ मीटर उंच आहे. त्यामुळे येथील चढ दमवतात, पण आल्प्सप्रमाणे धडकी भरवत नाहीत. १९७० पासून या प्रदेशाला 'प्रादेशिक निसर्ग उद्यान' असा दर्जा आहे. धावण्यासाठी शांत, मऊ आणि सावलीची वाट शोधणाऱ्यांना हा भाग विशेष मानवतो.

मात्र एक गोष्ट आधीच लक्षात घ्यायला हवी. येथील सहापैकी एकही जलाशय नैसर्गिक नाही आणि येथील बरेचसे जंगल सरकारी नाही. धावणाऱ्याला येथे जी मोकळीक मिळते, ती पाणी, लाकूड आणि जमीन यांच्या वापरातून व त्याविषयीच्या संमतीतून निर्माण झालेली आहे. म्हणूनच वाट किती किलोमीटरची आहे, याइतकेच ती कोणामुळे खुली आहे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

सहा जलाशय, चार कारणे

या जलाशयांत सर्वांत जुना आणि लोकप्रिय आहे तो सेतों. क्यूर नदीवरील हे दगडी धरण १८६१ पासून उभे आहे. त्यामागे कारण होते पॅरिसच्या चुलींचे. सोळाव्या शतकापासून मोर्व्हांच्या रानातील जळाऊ लाकूड ओढ्यांत सोडून देत. प्रत्येक मालक आपल्या ओंडक्यावर घणाने खूण ठोकी. तळ्यांत साठवलेले पाणी एकदम सोडून ते ओंडके खाली लोटले जात. पुढे क्लामसीसारख्या ठिकाणी त्यांचे भलेमोठे तराफे बांधून ते योन आणि सीन नद्यांतून राजधानीत नेत. या वाहतुकीला हुकमी पाणी मिळावे, हा सेतों बांधण्यामागचा एक प्रमुख हेतू होता. कोळसा व रेल्वे यांनी हा व्यवसाय मागे टाकला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो संपला; जलाशय मात्र राहिला.

१९३० च्या दशकात क्रेसां आणि शोमसों हे जलाशय वीजनिर्मितीसाठी झाले. १९४९ मध्ये पूर्ण झालेला पानसिएर हा सर्वांत मोठा, सुमारे ५२० हेक्टरांचा. सीनच्या खोऱ्यातील पूर रोखणे आणि उन्हाळ्यात नदीला पाणी पुरवणे, हे त्याचे काम. १९६९ मधील सँ-तान्यां आणि १९८० च्या दशकातील शांबू हे पिण्याच्या पाण्यासाठी बांधले गेले.

हा इतिहास धावणाऱ्याला उपयोगाचा आहे. पानसिएरमध्ये हिवाळ्यात व वसंतात पाणी साठवतात आणि उन्हाळ्यात व शरदात सोडतात. त्यामुळे जून महिन्यात काठोकाठ भरलेला हा जलाशय ऑक्टोबरमध्ये मातकट, उघड्या किनाऱ्याचा दिसतो. छायाचित्रातील निळे पाणी पाहून शरद ऋतूत गेलेल्याचा विरस होऊ शकतो.

कोणती वाट निवडावी?

प्रथमच येणाऱ्याने सेतोंची फेरी निवडावी. सुमारे ३६० हेक्टरांच्या या जलाशयाभोवतीची वाट साधारण १५ किलोमीटर भरते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर असूनही चढउतार बेताचे आहेत. काही टप्पे रुंद व टणक आहेत, तर काही ठिकाणी वाट अरुंद होऊन झाडांच्या मुळांमधून जाते. गुळगुळीत रस्त्यावरचा आपला नेहमीचा वेग येथे धरू नये. अंतरापेक्षा वेळेचा हिशेब ठेवणे बरे. संपूर्ण फेरी झेपणार नसेल, तर ठरावीक वेळ पुढे जाऊन त्याच वाटेने परतावे. जलाशय सतत एकाच हाताला राहत असल्याने दिशा चुकण्याची भीती कमी असते.

नवख्यांना सँ-तान्यांची फेरीही सोयीची आहे, कारण ती सेतोंपेक्षा बरीच लहान आहे. क्रेसां आणि शोमसोंचे परिसर अधिक उताराचे आणि रानटी आहेत. शोमसोंमधून ठरावीक दिवशी शालो नदीत पाणी सोडले जाते आणि कयाक व राफ्टिंगवाल्यांची तेथे गर्दी होते. धरणाच्या खालच्या बाजूस नदीपात्रात उतरणे अशा वेळी धोक्याचे असते. पानसिएरभोवती मोठे अंतर कापावे लागते, म्हणून ती सरावलेल्यांची वाट म्हणावी. अनेक दिवसांची मोहीम आखणाऱ्यांसाठी या जलाशयांना जोडणारी, दोनशे किलोमीटरांहून लांब अशी 'मोर्व्हां प्रदक्षिणा' आखलेली आहे.

रंगांची भाषा

फ्रान्समध्ये १९४७ साली लांब पल्ल्याच्या पायवाटांसाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिचीच पुढे फ्रेंच पदभ्रमण महासंघात परिणती झाली. आज देशभर सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटर पायवाटा खुणांनी दर्शवलेल्या आहेत आणि त्यांची देखभाल मुख्यतः स्वयंसेवक करतात. झाडाच्या बुंध्यावर, दगडावर वा खांबावर रंगवलेल्या पट्ट्या हीच त्यांची लिपी.

पांढऱ्या पट्टीखाली तांबडी पट्टी असेल तर ती 'जेएर' म्हणजे लांब पल्ल्याची वाट. फाँतेनब्लोहून निघणारी 'जेएर १३' मोर्व्हांमधूनच दक्षिणेकडे जाते. पिवळ्याखाली तांबडी पट्टी म्हणजे एखाद्या प्रदेशाला वळसा घालणारी वाट. मोर्व्हां प्रदक्षिणा या प्रकारातली. नुसती पिवळी पट्टी म्हणजे काही तासांत पुरी होणारी स्थानिक फेरी. जॉगिंगला बहुधा हीच उपयोगी पडते. याच रंगांची फुली दिसली, तर ती वाट आपली नव्हे. धावणाऱ्याची नजर पायांकडे असते, म्हणून चौफुली नकळत मागे पडते. बराच वेळ एकही खूण दिसली नाही, तर शेवटची खूण जेथे पाहिली तेथवर परत जाणे, हा साधा नियम पाळावा.

वाट कोणाची?

फ्रान्समधील सुमारे तीन-चतुर्थांश वनक्षेत्र खाजगी मालकीचे आहे. उरलेल्या सरकारी आणि गावांच्या वनांचा कारभार राष्ट्रीय वन कार्यालय पाहते. गावोगावच्या जुन्या गाडीवाटा ग्रामपालिकांच्या मालकीच्या असून त्या लोकांच्या वापरासाठी राखलेल्या असतात. १९८३ च्या कायद्याने पायवाटांचा आराखडा करण्याची जबाबदारी जिल्ह्यांकडे सोपवली. आराखड्यात नोंदलेली गाडीवाट विकायची वा बंद करायची झाल्यास ग्रामपालिकेला पर्यायी वाट द्यावी लागते. खाजगी जमिनीतून जाणारी खुणांची वाट मात्र मालकाशी झालेल्या करारावर चालते. मालकाने संमती काढून घेतली, की ती वळवावी लागते.

या प्रश्नाला २ फेब्रुवारी २०२३ च्या कायद्याने नवी धार आली. वन्यप्राण्यांची कोंडी करणाऱ्या उंच कुंपणांना या कायद्याने आळा घातला आणि कुंपणाची उंची १.२० मीटरवर आणली. पण त्याच वेळी, हद्द स्पष्टपणे दर्शवलेल्या खाजगी रानात वा शेतात विनापरवाना शिरणे दंडनीय ठरवले. हा दंड कमाल ७५० युरोपर्यंत जाऊ शकतो. त्याच वर्षी शार्त्रज पर्वतराजीत नेहमीच्या वाटांवर बंदीच्या पाट्या लागल्या आणि गिर्यारोहकांमध्ये मोठा असंतोष उसळला. मोर्व्हांत धावणाऱ्याने यातून घ्यायचा बोध सरळ आहे : खुणांची वाट सोडून 'जवळचा रस्ता' काढू नये. एकाच्या आगाऊपणामुळे मालकाची संमती गेली, तर वाट सर्वांसाठीच बंद होते.

बदलते जंगल

मोर्व्हांचे जुने रान ओक आणि बीचचे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वननिधीच्या अनुदानामुळे येथे स्प्रूस आणि डग्लस फर या सूचिपर्णी वृक्षांची मोठी लागवड झाली. नाताळच्या झाडांसाठीही हा प्रदेश फ्रान्समध्ये प्रसिद्ध आहे. एकाच वेळी लावलेली झाडे एकाच वेळी तोडली जातात आणि डोंगराची अख्खी उतरण उघडी पडते. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी स्प्रूस दुबळे झाले आणि सालीखालच्या भुंगेऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर मारले, तेव्हा ही तोड आणखी वाढली. रुंदपर्णी रान वाचवण्यासाठी स्थानिक नागरिकांनी २००३ मध्ये एकत्र येऊन समूह स्थापन केला. वर्गणीतून जंगल विकत घेऊन ते जपण्याचा मार्ग त्यांनी पत्करला.

धावणाऱ्यालाही याची झळ बसते. तोडीबरोबर खुणा रंगवलेली झाडे नाहीशी होतात, अवजड यंत्रांच्या चाकोऱ्यांत वाट चिखलाने भरते. जुना नकाशा अशा वेळी फसवू शकतो. तोड चालू असल्याची पाटी दिसली, तर माघारी फिरावे. रचलेल्या ओंडक्यांवर चढू नये, ते घसरतात.

शिकारीचा मोसम आणि इतर दक्षता

सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत येथे शिकारीचा मुख्य मोसम असतो. देशभर शिकारबंदीचा असा एखादा समान वार नाही. रानडुक्कर वा हरणांची सामूहिक शिकार चालू असताना रस्त्यालगत तात्पुरत्या पाट्या लावणे आणि शिकाऱ्यांनी भडक रंगाची जाकिटे घालणे बंधनकारक आहे. पाटी दिसल्यास दुसरी वाट धरावी. या महिन्यांत धावणाऱ्यानेही नारिंगी वा पिवळा भडक पोशाख घालावा आणि कानांतील संगीत बंद ठेवावे. आदल्या दिवशी ग्रामपालिकेत किंवा पर्यटन कार्यालयात चौकशी केलेली उत्तम.

वसंतापासून शरदापर्यंत गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोगाचा संसर्ग होऊ शकतो. धावून आल्यावर गुडघ्यामागची बाजू, जांघा व काखा तपासाव्यात. गोचीड औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या खास आकड्याने काढावी. त्वचेवर पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. उन्हाळ्यात जलाशयात निळ्या-हिरव्या शेवाळामुळे पोहण्यास मनाई होऊ शकते, म्हणून घाम आला की पाण्यात उडी, असे करू नये. आणीबाणीत ११२ हा क्रमांक चालतो; पण दऱ्यांत मोबाइलची रेंज जाते, म्हणून निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी वाट व परतण्याची वेळ सांगून ठेवावी.

मे-जून हे महिने सर्वांत अनुकूल. जूनमध्ये रात्री साडेनवानंतरही उजेड असतो. डिसेंबरमध्ये मात्र पाचच्या आत सूर्य मावळतो. पॅरिसहून आव्हालोंपर्यंत रेल्वे आहे, पण पुढे जलाशयांपर्यंत जाण्यास मोटार वा सायकल लागते. गायींच्या कुरणातून जाताना फाटक जसे होते तसे लावावे आणि समोरून येणाऱ्याला वेग कमी करून 'बोंजूर' म्हणावे. त्या रानातील वाटा ज्यांच्या संमतीवर खुल्या आहेत, त्यांपैकीच तो एक असण्याची शक्यता बरीच असते.