किंगरीची कुळकथा

नारळाची अर्धी करवंटी, तिच्यावर ताणून बसवलेले कातडे, करवंटीतून आरपार गेलेला बांबू, दोन-तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज: नाथजोगी दारोदार घेऊन फिरतात त्या किंगरीचा सगळा संसार एवढाच. नाशिक जिल्ह्याशी तिचे नाते दुहेरी आहे. त्र्यंबकेश्वर हे नाथपंथाचे मोठे ठाणे. ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना अनुग्रह दिला, अशी परंपरा आहे. शिवाय ज्या यादवांच्या काळात किंगरीच्या पूर्वजांची नोंद झाली, त्यांची आधीची राजधानी सिन्नर.

यादवांनी 12व्या शतकाच्या अखेरीस राजधानी देवगिरीला नेली. तिथे सिंघण राजाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यातली किन्नरी वीणा बोटांनी छेडायची: दांड्याखाली भोपळे आणि दांड्यावर गिधाडाच्या हाडांचे पडदे. गजाने वाजणारे वाद्य त्याच ग्रंथात वेगळे आहे. त्याचे नाव पिनाकी, आणि ते धनुष्यासारखे वाकलेले. आजच्या किंगरीने नाव घेतले किन्नरीचे आणि वादनाची रीत उचलली पिनाकीच्या घरची. दत्तक गेलेल्या मुलासारखा हा प्रकार. 1540च्या सुमारास रचलेल्या कवी जायसीच्या ‘पद्मावत’ काव्यामध्ये राजा रत्नसेन जोगी होऊन निघतो, तेव्हा त्याच्या हाती किंगरी आहे. जोगी म्हटला की किंगरी आलीच, ही समजूत तोवर रुळली होती.

छेडायची किन्नरीही बुडाली नाही. मातंगांचे कुळपुराण गाणाऱ्या डक्कलवारांनी ती सांभाळली. तेलंगणातले डक्कली हे त्यांचेच भाऊबंद. त्यांच्यातल्या दर्शनम मोगुलय्या यांना किन्नेरावादनासाठी 2022 साली पद्मश्री मिळाली. गजाची शाखा विदर्भ आणि आदिलाबादच्या परधानांकडेही आहे. त्यांच्या वाद्याला तारांच्या जागी घोड्याचे केसच असतात, आणि गोंड यजमानाच्या घरी त्याच्या साथीने कुळाची देवकथा गायली जाते.

गजाच्या किंगरीला पडदे नसतात. सूर कानाने शोधायचा आणि बोटाच्या पेराने धरायचा. म्हणून इथे सुटी चाल शिकण्याची सोयच नाही: मुलगा बापामागे फिरतो, आधी गाणे पाठ करतो आणि मग गज हाती घेतो. काही ठिकाणी गजाला घुंगरू बांधतात, त्यामुळे हात चुकला की तालही चुकतो आणि तो ऐकू येतो. गोपीचंद-भर्तरीच्या कथा गाणाऱ्या जोग्याचा गज आणि देवकथा गाणाऱ्या परधानाचा गज वेगळा चालतो, कारण कथा वेगळी आणि ऐकणारा यजमानही वेगळा. शैलीचा भेद वाद्यात फारसा नाही, तो गाणारा आणि यजमान यांच्या देण्याघेण्यात आहे.

गोव्यात गजाच्याच दुसऱ्या वाद्याचे, व्हायोलिनचे, उलटे झाले. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून मुले स्वरलिपी वाचून ते शिकली आणि घुमट या तालवाद्याच्या जोडीने मांडो या गीतप्रकाराला साथ करू लागली. मांडो कागदावर उतरला. किंगरीच्या चाली बव्हंशी तोंडीच राहिल्या. त्या जतन करायच्या तर नुसत्या चालीचे ध्वनिमुद्रण पुरत नाही. गाणे, गाणारा आणि ज्याच्या दारात ते गायले जाते तो यजमान, तिघांचीही नोंद हवी.