वाँग माऊचे वंशज : बर्मीज मांजर आणि ‘शुद्ध रक्ता’ची किंमत

१/ १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोतील एका डॉक्टरांच्या घरी ब्रह्मदेशातून एक तपकिरी मांजरी आली. तिचे नाव वाँग माऊ. आज ‘बर्मीज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मांजरांची वंशावळ मुख्यत्वे या एका मादीपाशी जाऊन थांबते. इतक्या अरुंद पायावर एखादी जात उभी राहिली, की तिच्या वंशजांच्या आरोग्याचे काय होते, याचा हा इतिहास.

२/ ब्रह्मदेश त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तो वेगळा झाला १९३७ मध्ये. ज्या राजाकडून इंग्रजांनी हा देश घेतला, तो थिबा १९१६ साली आपल्या रत्नागिरीत बंदिवासातच वारला. साम्राज्याच्या जलमार्गांनी सागवान आणि माणके पश्चिमेकडे जात होती, तशीच क्वचित मांजरेही जात.

३/ वाँग माऊचे पालक डॉ. जोसेफ थॉम्पसन हे अमेरिकन नौदलात वैद्यकीय सेवा केलेले गृहस्थ. तिला पाहून अनेक जाणकारांनी निर्वाळा दिला, की ही केवळ गडद रंगाची सयामी मांजरी आहे. थॉम्पसन यांना ते पटले नाही. मात्र वाद घालत बसण्याऐवजी त्यांनी प्रयोग केला.

४/ अमेरिकेत तिच्यासारखा दुसरा बोका नव्हता. म्हणून ताई माऊ या सयामी बोक्याशी तिचा संयोग घडवण्यात आला. काही पिल्ले सयामी निघाली, काही आईसारखी. मग आईसारख्या दिसणाऱ्या मुलाशीच तिचा संयोग झाला. या वेळी तीन प्रकारची पिल्ले जन्मली : सयामी, आईसारखी, आणि आईहूनही गडद, एकसारख्या तपकिरी रंगाची.

५/ गडद पिल्लांच्या परस्परसंयोगातून फक्त गडद पिल्लेच जन्मू लागली. मेंडेलच्या नियमांचे ते स्वच्छ उदाहरण होते. निष्कर्ष मात्र चमत्कारिक होता : वाँग माऊ स्वतः ‘शुद्ध’ बर्मीज नव्हतीच! तिच्यात रंगाच्या जनुकाचे एक रूप सयामी आणि एक बर्मीज होते. ज्या जातीने पुढे शुद्धतेचा एवढा आग्रह धरला, तिची आद्यमाताच संकरित होती. थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरील शोधनिबंध १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला.

६/ यामागचे शास्त्र असे. टायरोसिनेज नावाचे विकर रंगद्रव्य तयार करते. सयामी मांजरात ते शरीराच्या थंड भागांतच नीट काम करते. म्हणून तोंड, कान, पाय आणि शेपूट तेवढे गडद. बर्मीजमध्ये त्याच जनुकातील बदल निराळा आहे. तेथे उष्णतेचा परिणाम सौम्य असतो आणि सारे अंग तपकिरी होते. दोन्ही रूपे एकत्र आली, की वाँग माऊसारखा मधला रंग दिसतो.

७/ १९३६ मध्ये अमेरिकेतील ‘कॅट फॅन्सियर्स असोसिएशन’ने या जातीला मान्यता दिली. मांजरे संख्येने थोडी असल्याने पैदासकार सयामी रक्त मिसळत राहिले आणि संकरित पिल्लेही बर्मीज म्हणून नोंदवली जाऊ लागली. १९४७ मध्ये संस्थेने मान्यता स्थगित केली. ती परत मिळाली १९५० च्या दशकात. हिशेब होता तो वंशावळीच्या कागदांचा. आरोग्याची नोंद त्या कागदांत नव्हती.

८/ नियमाचा हेतू वाईट नव्हता. खोट्या नोंदी थांबायलाच हव्या होत्या. पण मूळ मांजरे मूठभर, नव्या रक्ताला दार बंद, आणि जवळच्या नात्यांतील संयोग नित्याचे : याचा परिणाम अटळ होता. २००८ मध्ये मांजरांच्या विविध जातींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी वैविध्य आढळलेल्या जातींत सिंगापुरासह बर्मीजचे नाव होते.

९/ दरम्यान वंशाच्या दोन शाखा झाल्या होत्या. एक अमेरिकेत राहिली. दुसरी दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला गेली आणि तेथून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये पसरली. ब्रिटनने सडपातळ बांधा जपला. अमेरिकेला गोल डोके आणि आखूड तोंड आवडू लागले. पुढे दोन्ही शाखांची दुखणीही वेगळी झाली.

१०/ १९७० च्या दशकात अमेरिकन प्रदर्शनांत अतिशय गोल चेहऱ्याच्या बर्मीज मांजरांची चलती झाली. बक्षिसे मिळाली, तसे त्या वंशाचे बोके पैदाशीसाठी अधिक वापरले जाऊ लागले. लवकरच काही पिल्ले भयंकर विकृती घेऊन जन्मू लागली : वरचा जबडा दुहेरी, कवटी अपूर्ण, मेंदूचा भाग बाहेर. अशी पिल्ले जगू शकत नाहीत. जिवंत जन्मलेल्यांना दयामरण द्यावे लागते.

११/ कारण उलगडले २०१६ मध्ये. ‘एएलएक्स-१’ या जनुकातील एक छोटा तुकडाच गळालेला होता. सदोष प्रत एकच असेल तर मांजर जगते आणि त्याचे तोंड आखूड होते. दोन असतील तर पिल्लू वाचत नाही. म्हणजे परीक्षक ज्या चेहऱ्याला पदक देत होते, तो चेहराच त्या दोषाचे सौम्य रूप होता. असे दोन वाहक एकत्र आणले, तर प्रत्येक पिल्लामागे विकृतीची शक्यता २५ टक्के.

१२/ या कथेचा एक धागा आपल्या मुंबईच्या नावापर्यंत येतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस केंटकीतील निक्की हॉर्नर यांनी बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअर मांजरांच्या संकरातून नवी जात घडवण्यास आरंभ केला. हिंदुस्थानातील काळ्या बिबट्याची आठवण करून देणारी ही मांजरे ‘बॉम्बे’ म्हणून ओळखली गेली. मुंबईशी तिचा संबंध केवळ नावापुरता. पण बर्मीज रक्ताबरोबर डोक्याच्या विकृतीचे जनुकही या जातीत आले.

१३/ ब्रिटिश शाखेचे दुखणे निराळे. काही पिल्लांच्या रक्तातील पोटॅशियम मधूनमधून घसरते. मान उचलवत नाही, हनुवटी छातीला टेकते, चाल ताठर होते. पोटॅशियम पोटात दिल्यास बहुतेकांना आराम पडतो. याला कारणीभूत असलेला ‘डब्ल्यूएनके-४’ जनुकातील दोष २०१२ मध्ये सापडला. येथे मात्र एक सदोष प्रत असलेले मांजर पूर्ण निरोगी असते. दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार होतो.

१४/ ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील बर्मीज मांजरांत मधुमेहही इतर मांजरांपेक्षा अधिक आढळतो. त्यासाठी एकच जनुक जबाबदार नाही, त्यामुळे खबरदारी मुख्यतः पालकाच्या हाती : वजन वाढू न देणे, मांसजन्य प्रथिनांचा आहार, पिष्टमय पदार्थ कमी. मांजर अचानक फार पाणी पिऊ लागले, वारंवार लघवी करू लागले किंवा खाऊनही वाळू लागले, तर पशुवैद्यांकडून रक्त आणि लघवीची तपासणी करून घ्यावी.

१५/ आता गालातून घेतलेल्या नमुन्यावरूनही जनुकीय चाचणी होते. मग सर्व वाहक पैदाशीतून काढून टाकावेत का? डोक्याच्या विकृतीबाबत किमान नियम स्पष्ट आहे : दोन वाहकांचा संयोग कधीही नको. पण ती टाळली तरी वाहकाची निम्मी पिल्ले पुन्हा वाहक निघतात. त्या चेहऱ्याचा मोह सुटल्याखेरीज हा दोष वंशातून जाणार नाही.

१६/ पोटॅशियमच्या आजारात विचार वेगळा करावा लागतो. निरोगी वाहकाची जोडी दोषमुक्त मांजराशी जमवली, तर एकही पिल्लू आजारी होत नाही. त्यांतून दोषमुक्त पिल्ले निवडत गेल्यास काही पिढ्यांत दोष ओसरतो आणि वाहकाचे इतर मोलाचे जनुक टिकतात. सगळे वाहक एका फटक्यात बाद केले, तर आधीच लहान असलेला वंश आणखी आक्रसेल आणि त्यातून दुसराच दडलेला दोष वर येईल.

१७/ १९४७ चा प्रश्न होता, ‘हे रक्त शुद्ध आहे का?’ आज विचारायचा प्रश्न आहे, ‘हे पिल्लू सुखाने जगेल का?’ बर्मीज पिल्लू घरी आणणाऱ्याने वंशावळीच्या कागदाबरोबर आईवडिलांचे चाचणी-अहवालही मागावेत. वाँग माऊला शुद्धतेचा दाखला कधीच मिळाला नसता. तिच्या वंशजांचे दुखणे ती संकरित असण्यातून आले नाही. ते आले तिच्यानंतर दारे बंद करण्यातून आणि चेहऱ्याला जिवापेक्षा अधिक मोल देण्यातून.