फिरत्या घराचा दिवा

जुनी मोटारगाडी घेऊन तिचे फिरते घर करण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही वाढू लागली आहे. आत निजावयास फळी बसते, शेगडी बसते, पाण्याची टाकी बसते. अडते ते दिव्यापाशी. गाडी धावत असेपर्यंत तिचे यंत्र वीज देते. ती मुक्कामाला उभी राहिली की पंखा हवा, दिवा हवा, आणि नेमक्या त्याच वेळी वीज देणारे यंत्र थांबलेले असते. मग जनित्र घ्यावे तर किती शक्तीचे, ते ठेवावे कोठे, त्याचा धूर कोणीकडे न्यावा, त्याचा आवाज कोणी सोसावा आणि जुन्या सांगाड्यास त्याचा भार पेलेल काय, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. ज्यांना हे प्रश्न नवे वाटतात त्यांनी आगगाडीच्या डब्याकडे पाहावे. त्याच्यापुढे हे सारे प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच उभे राहिले होते. भारतापुरते बोलावयाचे तर त्यांची उत्तरे ठरविण्याचे काम गेली साठ-सत्तर वर्षे आमच्या या लखनौ शहरात चालले आहे.

लखनौ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात इमामबाडा येतो, चिकनचे काम येते, आणि संगीताशी थोडा तरी संबंध असेल तर १९२६ साली पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने निघालेले मॅरिस संगीत महाविद्यालय येते. मानकनगर कोणाच्या ध्यानीमनी नसते. हिंदीत 'मानक' म्हणजे प्रमाण. नावातच या वस्तीचा व्यवसाय आला. १९३० साली रेल्वेची यंत्रसामग्री सर्वत्र एकसारखी असावी म्हणून एक मध्यवर्ती प्रमाण कार्यालय स्थापन झाले. १९५२ साली लखनौस रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र निघाले. १९५७ साली ही दोन्ही एकत्र करून आजची 'आर.डी.एस.ओ.' ही संस्था झाली, आणि तिचे ठाणे लखनौसच राहिले. रुळाच्या पोलादापासून डब्यातील दिव्यापर्यंत बहुतेक वस्तूंचे मोजमाप येथे ठरते. आम्हा लखनौवासी मराठी मंडळींना मुंबईस नेणारी पुष्पक एक्सप्रेस झाशी, भोपाळ, भुसावळ करीत जाते, तेव्हा डोक्यावर जो दिवा जळत असतो त्याचे विधिलिखित या मानकनगरात लिहिलेले असते, असे म्हटले तरी चालेल.

पण कथा त्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि १८६७ साली कानपूर-लखनौ मार्ग सुरू झाला, त्या काळी रेल्वेच्या डब्यांतला दिवा तेलाचा असे. डब्याच्या छपरास भोके ठेवलेली असत, आणि सांज झाली की दिवेवाला छपरांवरून चालत जाऊन पेटलेले दिवे वरून आत सोडी. पुढे बर्लिनच्या युलियस पिन्च याने तेलापासून केलेला वायू दाबून भरण्याची युक्ती काढली. डब्याच्या पोटाखाली वायूच्या टाक्या बसल्या आणि प्रकाश चांगला पडू लागला. परंतु घराखाली जळाऊ वायूचा साठा बाळगण्याचे मोल फार भयंकर ठरले. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे सैनिकांनी भरलेली एक गाडी दुसरीवर आदळली. डबे लाकडी, त्यांखाली वायूच्या टाक्या, आणि समोर इंजिनातले निखारे. दोनशेहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतील कित्येक धक्क्यातून वाचूनही आगीत सापडली. फिरत्या घरात इंधन कोठे ठेवावे, हा प्रश्न सोयीचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही एक तारीख लक्षात ठेवावी.

विजेचा पर्याय तोवर ठाऊक नव्हता असे नाही. १८८१ साली लंडन-ब्रायटन मार्गावरील एका पुलमन डब्यात बॅटरीवर विजेचे दिवे लागले होते. पण बॅटरी रिकामी झाली की ती भरण्यास डबा मुक्कामी न्यावा लागे. खरा तोडगा निघाला तो १८९० नंतरच्या दशकात. डेप्टफर्डच्या जे. स्टोन कंपनीने डब्याच्या आसावर एक चाक बसविले, त्यावरून चामडी पट्टा घेतला आणि त्या पट्ट्याने डब्याखाली टांगलेला डायनामो फिरविला. गाडी स्वतःच स्वतःचा दिवा लावू लागली. गाडी वेगात आली की डायनामो अधिकाधिक वेगाने फिरून दिवे जाळून टाकील, ही भीती होतीच. तिच्यावरचा उपाय आम्हांस फार चतुर वाटतो. डायनामो मधोमध न टांगता मुद्दाम एका बाजूस टांगला. ओढ ठरावीक मर्यादेबाहेर गेली की तो किंचित पुढे झुके, पट्टा सैल होऊन घसरे, आणि वेग वाढूनही विजेचे प्रमाण जवळजवळ तेवढेच राही. ज्या घसरण्याला कारागीर दोष मानतो त्यालाच येथे नियामक करून टाकले! पुढे या कंपनीची भारतीय शाखा कलकत्त्यास निघाली, आणि आपल्याकडील डब्यांखालीही असेच पट्टे फिरू लागले.

या युक्तीच्या पोटात मात्र एक अन्याय दडलेला होता, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा तोच आहे. आसावरून वीज घ्यावयाची म्हणजे जी गाडी वेगाने व न थांबता जाते तिला भरपूर वीज, आणि जी दर चार-पाच मैलांवर थांबते तिला नावापुरती. मेल गाडीतल्या साहेबाच्या डब्याची बॅटरी रात्रभर तुडुंब राही. उलट शाखामार्गावरची सवारी गाडी ज्या वेगात डायनामोला जाग यावी त्या वेगापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच पुढले स्थानक येई, आणि स्थानकात उभी असता ती साठवलेली वीज खात राही. अवधच्या किंवा खानदेशच्या खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या अशा गाड्यांत ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना तो पिवळट, मरगळलेला, फलाट आला की अधिकच मंदावणारा दिवा आठवेल. गरीब उतारूचा अंधार हा केवळ अधिकाऱ्यांच्या दुर्लक्षाचा परिणाम नव्हता. जनित्राची निवड करताना गाडी धावतच राहणार असे जे गृहीत धरले होते, त्याचे ते फळ होते.

सुधारणा हळूहळू झाल्या. चोवीस व्होल्टांची जुनी पद्धत जाऊन एकशे दहा व्होल्टांची आली. त्यामुळे तेवढीच वीज पातळ तारांतून नेता येऊ लागली आणि पंख्यांची संख्या वाढविता आली. कार्बनचे ब्रश झिजविणारा डायनामो जाऊन बिनब्रशाचा अल्टरनेटर आला. सपाट पट्ट्याची जागा खाचेत बसणाऱ्या निमुळत्या पट्ट्यांनी घेतली. साध्या डब्यास साडेचार किलोवॅटचे, म्हणजे सुमारे सहा अश्वशक्तीचे, एक जनित्र असा हिशेब बसला.

जुन्या डब्यावर नवे यंत्र चढविताना काय होते, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. डब्याची तळचौकट आणि तिच्याखालील बोगी हे दोन वेगळे भाग. वळणावर बोगी वळते, चौकट तेवढी वळत नाही. जनित्र चौकटीस टांगलेले आणि पट्टा बोगीच्या आसाला, अशी मांडणी असली की प्रत्येक वळणावर पट्टा तिरपा ओढला जातो, आणि कधी तो निसटूनच पडतो. म्हणून जनित्रच बोगीवर आणावे लागले. मग आसाचे सारे धक्के त्याच्या वाट्यास आले, आणि त्यासाठी टांगणीच्या खिळी, सुरक्षा-साखळ्या, रबराचे आधार यांची प्रमाणे ठरवावी लागली. पट्टा चोरीस जाण्याचा उपद्रव वेगळाच. रबरी पट्टा शेतीच्या यंत्रासही चालतो, हे चोरास कोणी शिकवावे लागत नाही.

थंड हवेची हौस आल्यावर हिशेब अगदीच बदलला. १९३४ साली फ्रंटियर मेलमध्ये डब्यातली हवा बर्फाच्या लाद्यांवरून नेऊन गार करीत. त्यात विजेचे काम पंख्यापुरतेच. यंत्राने हवा गार करावयाची म्हटल्यावर एका शयनडब्याखाली पंचवीस किलोवॅटची दोन जनित्रे आणि अकराशे अँपिअर-तासांची बॅटरी लागू लागली. कागदावर ही बॅटरी सुमारे एकशेवीस युनिटे धरते. मोठ्या कुटुंबास ती कित्येक दिवस पुरावीत. शिवाय दाबयंत्राची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. जनित्र निवडताना चालू भाराची बेरीज करून थांबणारे या क्षणापाशी फसतात, मग ते घर रुळावरचे असो वा रस्त्यावरचे.

१९६९ च्या मार्चमध्ये हावडा-दिल्ली राजधानी सुरू झाली तेव्हा सगळीच गाडी वातानुकूलित होती. एवढा भार आसांवर टाकणे म्हणजे इंजिनाला तेवढेच अधिक ओढावयास लावणे. म्हणून गाडीच्या टोकांस डिझेल जनित्रांचे स्वतंत्र डबे जोडून तेथून सगळ्या गाडीस वीज पुरविण्याची पद्धत पत्करली गेली. पुढे हा पुरवठा साडेसातशे व्होल्टांवर स्थिरावला. या वीजडब्यांत ज्या इंजिनांचा मोठा वाटा राहिला त्यांत १९६२ साली पुण्यात कोथरूडला निघालेल्या किर्लोस्कर-कमिन्सचीही होती, हे येथे नमूद करण्यास आम्हांस अर्थातच आनंद वाटतो. टोकांची जागा निवडण्यात शहाणपण होते: आवाज, धूर आणि तेलाची टाकी ही तिन्ही निजलेल्या माणसांपासून शक्य तितकी दूर राहिली.

आणि ती सवारी गाडी? तिच्यासाठीही एक योजना निघाली. गाडीच्या मध्यभागी डिझेल जनित्राचा एक डबा, आणि त्याच्यापासून दोन्ही बाजूंच्या डब्यांस वीज. गाडी थांबली तरी दिवा थांबत नाही, आणि डब्याडब्याखाली चोरण्याजोगा पट्टाही उरत नाही. मध्यभाग निवडण्याचे कारण सरळ आहे: ४१५ व्होल्टांची वीज लांब नेताना वाटेत गळते, मधून निघाली की अंतर निम्मे होते. राजधानीस दोन्ही टोके मिळाली, सवारीस मध्य मिळाला. तत्त्व एकच होते, पण सवारीकडे ते उशिरा आणि थोड्याच मार्गांवर पोहोचले.

उभ्या घराची सर्वांत कठीण परीक्षा पाहिली ती जीवनरेखा एक्सप्रेसने. मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने रेल्वेच्या साह्याने हे फिरते रुग्णालय १६ जुलै १९९१ रोजी तेव्हाच्या बिहारमधील खलारी येथून सुरू केले. रेल्वेने दिलेल्या जुन्या डब्यांत शस्त्रक्रियेची खोली बसविली होती. ही गाडी एखाद्या लहान स्थानकाच्या बाजूच्या रुळावर कित्येक दिवस उभी राहते. तिचे आस तेवढे दिवस फिरतच नाहीत. आत मोतीबिंदू काढला जात आहे, दुभंगलेला ओठ शिवला जात आहे, आणि गावची वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी स्वतःचे वीजघर बरोबर बाळगल्यावाचून इलाज नव्हता. जनित्राचा कंप सर्जनच्या मेजापर्यंत पोहोचता कामा नये, धूर खिडकीतून आत येता कामा नये, आणि यंत्राला गार ठेवणारी हवा मात्र मुबलक मिळाली पाहिजे. या तीन अटी एकाच लांबट पेटीत सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने बंद गाडीत एकदा जनित्र चालवून पाहिले असेल त्यालाच कळेल. त्यातला कर्बवायू तर दिसत नाही आणि वासालाही येत नाही. २००७ साली जुन्या डब्यांच्या जागी नवी गाडी आली.

अलीकडच्या काळात दोन गोष्टींनी हा सगळा डाव बदलला. पंचवीस हजार व्होल्टांच्या तारेवरून इंजिन जी वीज घेते तिचाच एक भाग आता इंजिनातील रूपांतरकातून मागल्या डब्यांस पुरविला जातो. वीजडबा अडीअडचणीपुरता उरला. दुसरी गोष्ट दिसावयास क्षुद्र, पण आमच्या दृष्टीने मोठी: 'एलईडी' दिवा आला आणि डब्याची भूकच कमी झाली. संथ गाडीतला जो अंधार जनित्रे वाढवून हटला नाही तो भार घटवून पुष्कळसा हटला. शाखामार्गांवरही हळूहळू स्वतःच वीज घेणाऱ्या गाड्या धावू लागल्या आहेत.

पेरांबूरच्या कारखान्याने १९५५ पासून ज्या घडणीचे डबे बांधले त्या घडणीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला. पट्टा आणि आसाचे जनित्र मुख्यतः याच डब्यांचे सोबती. त्यांतले ज्यांचे वय झाले अशा कित्येकांचे आता मालडबे केले जातात: बाके, दिवे, पंखे काढून घेतात, खिडक्या पत्र्याने बंद करतात, टोकास रुंद दार पाडतात. आणि मग त्या बिनदिव्याच्या डब्यांतून कारखान्यातल्या कोऱ्या मोटारगाड्या देशभर पाठविल्या जातात.