बाकीचे चौघे

शाळेत असताना डॉ. कोटणीसांची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगायची. सोलापूरचा तरुण डॉक्टर, चीनमधलं युद्ध, तिथेच लग्न, तिथेच मृत्यू. गोष्ट संपेपर्यंत वर्ग अगदी चिडीचूप असायचा. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, पाच डॉक्टर गेले होते ना? मग बाकीचे चौघे कोण?"

मला फक्त डॉ. अटलांचं नाव आठवलं. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. तो उद्या काही उगवला नाही! आणि त्या चौघांतले एक चक्क आपल्या नागपूरचे होते, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं. डॉ. एम. आर. चोळकर त्यांचं नाव. म्हणून आज हा लेख. त्या मुलीचं उत्तर तसं उशिराच देते आहे.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. पुढच्या वर्षी सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. ७ ते ९ जुलै १९३८ या दिवसांत देशभर चीनसाठी निधी गोळा झाला. बावीस हजार रुपये जमले. आपण स्वतः पारतंत्र्यात, घरोघरी ओढाताण, आणि तरी लोकांनी एका परक्या देशातल्या जखमींसाठी पैसे दिले, याचं मला फार नवल वाटतं.

त्याच जुलैत नागपुरात वेगळंच वादळ उठलं होतं. मध्यप्रांताचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्यांना हेच म्हणत) डॉ. ना. भा. खरे यांनी राजीनामा दिला आणि त्या प्रकरणाने गावात दुसरा विषय उरला नाही. एक नागपूरकर डॉक्टर खुर्चीवरून गाजत होते, तर दुसरे नागपूरकर डॉक्टर लढाईच्या मुलखात जायची तयारी करत होते. गर्दी कुठे जमली असेल ते सांगायला नकोच!

तयारी तरी कसली? रुग्णवाहिका, औषधं, शस्त्रक्रियेचं सामान. आणि पासपोर्ट, तो तर इंग्रज सरकारच्या हातात. कलकत्त्याच्या डॉ. रणेन सेन यांना पासपोर्ट नाकारला गेला आणि ऐनवेळी डॉ. बिजय कुमार बसू आले. तुकडीचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले, म्हणजे रणांगणाचा अनुभव असलेले. पाचवे डॉ. देवेश मुखर्जी. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. चोळकर त्यांच्यापेक्षा वयाने पुष्कळ मोठे. तरुण माणूस उत्साहाने निघतो, ते समजू शकतं. पण ज्या वयात माणूस घर, दवाखाना, गाव यांना धरून बसतो, त्या वयात बोटीवर चढायचं म्हणजे मनाची तयारी किती लागली असेल! १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोट मुंबईहून सुटली.

या तुकडीला 'मेडिकल मिशन' म्हणत. आम्हा नागपूरकरांना मिशन म्हटलं की आठवतात स्टीफन हिस्लॉप आणि म्युर मेमोरियल हॉस्पिटल. हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून इथे आले, मराठी शिकले आणि १८६३ मध्ये इथेच एका पुरात बुडून गेले. स्कॉटिश मिशनचं म्युर हॉस्पिटल १८९६ चं. परक्या माणसाचं दुखणं आपलं मानायचं, हे त्या लोकांनी ख्रिस्ताच्या नावाने केलं. आमच्या पाच जणांनी धर्माचं नाव न घेता केलं, पण शब्द तोच राहिला. चीनमध्ये तर हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात. कॅथलीन हॉल ही न्यूझीलंडची मिशनरी नर्स जपान्यांची नजर चुकवून पेकिंगहून औषधं आणायची आणि कम्युनिस्ट असलेल्या डॉ. बेथ्यून यांना पोचवायची. पुढे त्याच बेथ्यूनांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा कोटणीसांनी सांभाळली.

पाचही जण फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले. चिनी लोकांनी प्रत्येकाच्या नावात 'हुआ' जोडलं. हुआ म्हणजे चीन. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. अटल नंतर आले, बसू १९४३ मध्ये. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बासांनी पुस्तक लिहिलं, १९४६ मध्ये शांतारामबापूंनी चित्रपट काढला. ते योग्यच झालं.

पण जे परत आले, त्यांचं काय? आपल्याकडे न परतणाऱ्याची गोष्ट होते, परतणारा मात्र गर्दीत मिसळून जातो. बोटीवर पाऊल ठेवताना मात्र कोण परतणार, हे पाचांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्या क्षणापुरते पाचही जण सारखेच.

असो. ती मुलगी आता चाळिशीची असेल. बाळ, ऐक: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी. आणि चोळकर आपल्या नागपूरचे.