आकाशातला हूक आणि गाडीचा शॉकअप: इतिहास सरळ रेषेत का लिहू नये

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी लिटरेचर रिव्ह्यूचं पहिलं प्रकरण मोठ्या उत्साहाने लिहिलं. विषय होता मॅग्नेटोरिऑलॉजिकल द्रव, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात घट्ट होणारं तेल. मी एमएस्सी फिजिक्सची, गाड्यांचं ज्ञान शून्य. त्यामुळे प्रस्तावनेत इतिहास असा मांडला: आधी साधा शॉकअप होता, मग फॉर्म्युला वनमध्ये ॲक्टिव्ह सस्पेन्शन आलं, मग तेच तंत्रज्ञान रस्त्यावरच्या गाड्यांत उतरलं आणि आज बाजारात त्याचे अपग्रेड किट मिळतात. वाचायला छान, एकदम सरळ. सरांनी प्रकरण परत दिलं आणि समासात एवढंच लिहिलं होतं: "या दोन्ही गाड्यांत तंत्रज्ञान एकच आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

उत्तर नव्हतं. ते शोधताना तीन महिने गेले, आणि माझा रिसर्च प्रॉब्लेमही त्यातच हाती लागला. तुम्ही पेट किंवा नेट देऊन प्रपोजलच्या तयारीत असाल, तर हे प्रकरण सविस्तर वाचा. विषय गाड्यांचा असला तरी घोळ सगळ्याच विषयांत होतो.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. गाडीच्या सस्पेन्शनला दोन कामं असतात. आत बसलेल्याला धक्के बसू द्यायचे नाहीत आणि टायर रस्त्याला चिकटून ठेवायचा. स्प्रिंग धक्का झेलते, पण नंतर ती हलतच राहते. ते हलणं शमवायला शॉकअप असतो. त्यात पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जातं आणि ऊर्जेची उष्णता होते. छिद्रं लहान ठेवली तर शॉकअप कडक होतो, वळणावर गाडी झुकत नाही, पण प्रत्येक खड्डा मणक्यात जाणवतो. छिद्रं मोठी ठेवली तर प्रवास मऊ, पण गाडी डुलत राहते. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गेलेल्यांना यातला अर्धा भाग अनुभवाने माहीत आहेच. रोज ऑफिसला नेण्याची आणि सुट्टीत रेस ट्रॅकवर पळवण्याची गाडी एकच असेल, तर एका ठरलेल्या छिद्राने दोन्ही साधत नाही.

यातून बाहेर पडायचे दोन रस्ते निघाले. मी ते दोन्ही एकच समजले होते.

पहिला रस्ता फुल ॲक्टिव्ह. चाक आणि बॉडी यांच्यामध्ये हायड्रॉलिक सिलिंडर बसवायचा, आणि पंपाच्या जोरावर चाक आपणच वरखाली करायचं. लोटस संघाने १९८३ मध्ये लोटस ९२ ही अशी गाडी शर्यतीत उतरवली. ती जड होती, दोन शर्यतींनंतर प्रयोग थांबला. १९८७ मध्ये लोटस ९९टी घेऊन आयर्टन सेनाने मोनॅको आणि डेट्रॉइट जिंकलं. १९९२ मध्ये विल्यम्सच्या एफडब्ल्यू१४बी गाडीवर नायजेल मॅन्सेल १६ पैकी ९ शर्यती जिंकून विश्वविजेता झाला. १९९४ च्या हंगामापासून नियमांनी ॲक्टिव्ह सस्पेन्शनवर बंदी घातली.

आता या संघांना नेमकं काय हवं होतं ते बघा. ड्रायव्हरचा आराम हा त्यांच्यासाठी दुय्यम मुद्दा होता. गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची स्थिर राहिली, तर हवेचा दाब गाडीला खाली नीट दाबून धरतो. त्यासाठी पंप, वजन आणि इंजिनची काही ताकद खर्च करणं त्यांना परवडत होतं. रस्त्यावरच्या गाडीचं गणित वेगळं. १९९० च्या आसपास जपानी कंपन्यांनी, आणि १९९९ मध्ये मर्सिडीझने सीएल गाडीत, पंपावर चालणारी ॲक्टिव्ह यंत्रणा दिली, पण ती महागड्या गाड्यांपुरतीच राहिली. अमर बोस यांच्या कंपनीने १९८० मध्ये काम सुरू करून २००४ मध्ये विद्युत मोटरवर चालणारं सस्पेन्शन जगाला दाखवलं. प्रात्यक्षिक थक्क करणारं होतं. तरीही वजन आणि किंमत आडवी आली, आणि ते त्या रूपात विक्रीच्या गाडीत पोचलं नाही.

दुसरा रस्ता १९७४ चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले डीन कार्नॉप, आणि त्यांच्यासोबत क्रॉस्बी आणि हारवुड, यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना अशी: समजा शॉकअपचं एक टोक चाकाऐवजी आकाशातल्या एका स्थिर हुकाला बांधलं. मग रस्ता कसाही असो, बॉडी हलायला लागली की हा शॉकअप तिला थांबवेल. या काल्पनिक व्यवस्थेला 'स्कायहूक' म्हणतात. आकाशात हूक अर्थातच नसतो. खरा शॉकअप बॉडी आणि चाक यांच्यामध्येच असतो आणि तो फक्त ऊर्जा खर्च करू शकतो, देऊ शकत नाही. पण तेवढ्यावरही त्या हुकाची बऱ्यापैकी नक्कल करता येते, हे त्यांनी दाखवलं.

कशी? बॉडी वर जातेय आणि शॉकअप ताणला जातोय असं समजा. शॉकअपचा जोर बॉडीला खाली ओढेल, म्हणजे मदतच होतेय. तेव्हा तो कडक करा. आता बॉडी वर जातेय, पण चाक त्याहून वेगाने वर येतंय आणि शॉकअप दबतोय. इथे त्याचा जोर बॉडीला आणखी वर ढकलेल. तेव्हा तो जमेल तेवढा मऊ करा. नियम एवढाच. यात पंप लागत नाही. शॉकअप कडक-मऊ करायला लागेल तेवढीच वीज पुरते. याला सेमी-ॲक्टिव्ह म्हणतात.

मी हा निबंध आधी बाजूला ठेवला होता. कारण ऐकून हसाल: "फार जुना आहे, मागच्या दहा वर्षांतलं वाचायचं." ही चूक तुम्ही करू नका.

मग प्रश्न येतो, एवढा सोपा नियम १९७४ मध्ये असूनही गाड्यांत का आला नाही? कारण नियम चालवायला तीन गोष्टी लागतात: बॉडीची हालचाल मोजणारा स्वस्त सेन्सर, गाडीत बसेल असा कंट्रोलर, आणि क्षणात बदलणारा शॉकअप. गाडीची बॉडी सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा डोलते, चाक मात्र १० ते १२ वेळा थरथरतं. चाकाचं एक आंदोलन ८० ते १०० मिलिसेकंदांत संपतं. त्याच्या आत निर्णय घेऊन शॉकअप बदलायचा, तर हाताशी १० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ उरतो.

टोयोटाने १९८३ मध्ये सोअरर गाडीत विजेच्या ॲक्चुएटरने शॉकअपची छिद्रं बदलणारी यंत्रणा दिली. त्यात दर थरथरीला हिशोब करण्याऐवजी परिस्थिती बघून मऊ किंवा कडक अशी निवड होत असे. १९९० च्या दशकात एअरबॅगसाठी चिपवरचे स्वस्त ॲक्सिलरोमीटर मोठ्या प्रमाणावर बनू लागले आणि सेन्सरची अडचण सुटली. म्हणजे सस्पेन्शनचा एक प्रश्न एअरबॅगवाल्यांनी सोडवला.

शॉकअपची अडचण सोडवणारा एक धागा त्याहून जुना निघाला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जेकब रॅबिनो यांनी तेलात लोखंडाची भुकटी मिसळून चुंबकीय क्लच बनवला होता. क्षेत्र लावलं की कणांच्या साखळ्या बनतात आणि तेल घट्ट होतं, क्षेत्र काढलं की पुन्हा पातळ. हाच माझा द्रव! शॉकअपमध्ये तो भरला की छिद्र बदलायची गरजच नाही, फक्त कॉइलमधला प्रवाह बदलायचा. १९९० च्या दशकात लॉर्ड कॉर्पोरेशनने या द्रवाला व्यापारी रूप दिलं, आणि २००२ मध्ये डेल्फाय कंपनीचा असा शॉकअप कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये आला. गंमत म्हणजे १९७४ च्या निबंधातले क्रॉस्बी याच लॉर्डमध्ये होते आणि त्या कल्पनेचं पेटंटही लॉर्डच्या नावावर होतं. साधारण त्याच काळात, २००३ मध्ये, व्होल्वोच्या एस६० आरमध्ये ओलिन्स आणि मन्रो यांचा विद्युत व्हॉल्व्हवाला शॉकअप आला.

आता आजच्या अपग्रेड किटकडे या. जाहिरातीत सगळ्यांनाच 'इलेक्ट्रॉनिक' म्हणतात, पण आत दोन जाती आहेत. टाइनच्या ईडीएफसीसारख्या किटमध्ये छोटी स्टेपर मोटर शॉकअपचा ॲडजस्टर फिरवते. आधी खाली वाकून हाताने जे करायचं, ते सीटवर बसून होतं, किंवा नंतरच्या आवृत्त्यांत वेग आणि वळणाचा जोर बघून आपोआप होतं. दुसऱ्या जातीत, उदाहरणार्थ बिल्स्टाइनच्या डॅम्पट्रॉनिकमध्ये, शॉकअपमध्ये विद्युत व्हॉल्व्ह असतो आणि तो गाडीच्या मूळ कंट्रोलरशी जोडला जातो. कुठलंही किट दिसलं की एकच विचारा: हे किती वेळात बदलतं? एका वळणाच्या हिशोबाने, की चाकाच्या एका थरथरीच्या हिशोबाने? उत्तरावरून त्याचे पूर्वज कळतात. एकाची वंशावळ हाताने फिरवायच्या नॉबकडे जाते, दुसऱ्याची १९७४ च्या निबंधाकडे. पंपावर चालणाऱ्या विल्यम्सकडे यातली एकही जात नाही.

म्हणून माझं प्रकरण चुकलं होतं. नावं सारखी दिसली म्हणून मी दोन वेगळ्या गोष्टी एका साखळीत ओवल्या होत्या. मी ते नव्याने लिहिलं, तेव्हा प्रत्येक यंत्रणेपुढे तीन रकाने केले: जोर कुठून येतो, किती वेळात बदलतो, कुणाचा कोणता प्रश्न सोडवायला बनली. तिसऱ्या रकान्याने मला माझा विषय दिला. द्रव आला, गाडीत बसला, पण लोखंडाचे कण तेलाहून जवळपास नऊ पट जड. गाडी महिनाभर उभी राहिली तर ते तळाला बसतात, आणि सतत वापरात द्रव हळूहळू दाट होऊ शकतो. माझं काम त्या खाली बसण्यावर आहे.

तुमच्या विषयात एक करून बघा. रिव्ह्यूमध्ये जिथे जिथे "त्यानंतर" किंवा "यातूनच पुढे" लिहिलं असेल, तिथे पेन्सिलने खूण करा आणि विचारा, हे मला कुणी सांगितलं? माझ्या पहिल्या मसुद्यात अशा अकरा खुणा झाल्या होत्या. त्यातल्या चारच टिकल्या.