तार ओढण्याची ठिकाणे (विद्युत नलिका)

विद्युत वायरिंगमध्ये नलिकेच्या (कंड्युट) मार्गातील ज्या जागी तार आत सोडता, बाहेर काढता किंवा पुढे ओढता येते, त्या जागेस तार ओढण्याचे ठिकाण असे म्हणतात. पुल बॉक्स, जंक्शन बॉक्स, छतातील फॅन बॉक्स, स्विच बॉक्स, वितरण फलक आणि झाकण असलेले तपासणी-बेंड ही त्याची नेहमीची रूपे होत. नलिका भिंतीत किंवा स्लॅबमध्ये गाडल्यावर तिचा मार्ग बदलता येत नाही. त्यामुळे ही ठिकाणे आराखड्याच्या टप्प्यावरच, काँक्रीट ओतण्यापूर्वी, निश्चित करावी लागतात.

घर्षण आणि ताण

आडव्या सरळ नलिकेत तार ओढण्यास लागणारा ताण तारेचे वजन, लांबी आणि घर्षणांक यांच्या गुणाकाराइतका असतो. म्हणजेच तो लांबीच्या प्रमाणात वाढतो. वळणावर मात्र आधीच निर्माण झालेला ताण गुणिला जातो. हा गुणक कॅपस्टन समीकरणाने मिळतो आणि तो घर्षणांक व वळणाचा एकूण कोन यांवर अवलंबून असतो. घर्षणांक ०.५ धरल्यास एका काटकोनी वळणानंतर ताण सुमारे २.२ पट, तर चार काटकोनी वळणांनंतर सुमारे २३ पट होतो.

वळणाच्या आतील बाजूवर तार दाबली जाते. हा पार्श्वदाब ताणाला वळणाच्या त्रिज्येने भागून मिळतो. अरुंद वळणात तो वाढतो आणि तारेचे विद्युतरोधक आवरण सोलले जाऊ शकते. अशी इजा नलिकेच्या आत लपून राहते व पुढे गळती किंवा शॉर्टसर्किटचे कारण ठरू शकते. तार वाहकाला धरून ओढताना तांब्यासाठी दर चौरस मिलिमीटरला ५० न्यूटन आणि ॲल्युमिनियमसाठी ३० न्यूटन ही ताणाची मर्यादा सामान्यतः पाळली जाते.

वळणांची मर्यादा

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडनुसार दोन ओढ-ठिकाणांमधील वळणांची बेरीज ३६० अंशांपेक्षा, म्हणजे चार काटकोनी वळणांपेक्षा अधिक असू नये. भारतातील वायरिंगच्या विनिर्देशांतही चार काटकोनी वळणांची मर्यादा आढळते. मोजणीत लहान वळणेही धरली जातात. अडथळा चुकवण्यासाठी दिलेली ४५ अंशांची दोन वळणे मिळून एक काटकोन होतो. अमेरिकी संहितेत नलिकेच्या लांबीवर अशी सरसकट मर्यादा नाही. लांबीचा निर्णय ताणाच्या गणितावर आणि अनुभवावर सोडलेला आहे. चार वळणे ही कमाल मर्यादा असल्याने लांब किंवा जड केबलच्या मार्गात त्याहून कमी वळणांवरच बॉक्स देणे हितावह ठरते.

जागेची निवड

वळण मार्गात कोठे आहे, यावरून ओढण्याची दिशा ठरते. उदाहरणार्थ, ३० मीटर लांबीच्या आडव्या नलिकेत एका टोकापासून ५ मीटरवर एक काटकोनी वळण आहे, केबलचे वजन दर मीटरला १ किलोग्रॅम व घर्षणांक ०.५ आहे असे मानू. वळणाजवळच्या टोकाकडून केबल आत सोडल्यास वळणापूर्वीचा ताण २.५ किलोग्रॅम-बल असतो. वळणानंतर तो ५.५ होतो आणि अखेरीस १८ पर्यंत पोहोचतो. उलट दिशेने ओढल्यास वळणापूर्वीच १२.५ इतका ताण साठतो, वळणानंतर तो २७.५ होतो आणि अखेरीस ३० पर्यंत जातो. म्हणून शक्य तेथे अधिक वळणे असलेल्या टोकाकडून केबल सोडतात व सरळ टोकाकडून ओढतात. हे शक्य नसल्यास वळणांच्या समूहालगत बॉक्स बसवतात.

उभ्या मार्गात वरून खाली तार सोडल्यास तिचे स्वतःचे वजन साहाय्यक ठरते. उंच इमारतींत मधले बॉक्स तारांना आधार देण्यासाठीही लागतात. बारीक तांब्याच्या तारांना (१८ ते ८ गेज) अमेरिकी संहितेनुसार दर १०० फुटांच्या आत आधार द्यावा लागतो.

बॉक्सचा आकार व पोहोच

जाड केबलसाठी (४ गेज व त्याहून मोठ्या) अमेरिकी संहितेत बॉक्सचा किमान आकार ठरवून दिला आहे. सरळ ओढीसाठी बॉक्सची लांबी सर्वांत मोठ्या नलिकेच्या मापाच्या किमान ८ पट असावी. २ इंची नलिकेसाठी ती १६ इंच होते. काटकोनात ओढताना नलिकेच्या प्रवेशापासून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर ६ पट, अधिक त्याच भिंतीवरील त्याच ओळीतील इतर नलिकांच्या मापांची बेरीज इतके असावे.

इमारतीचा कोणताही भाग न तोडता बॉक्स उघडता आला पाहिजे. प्लॅस्टर, फरशी किंवा कायमस्वरूपी छताखाली झाकला गेलेला बॉक्स वापरता येत नाही. तार जळाल्यास अथवा वाढत्या विद्युतभारामुळे जाड तार घालायची असल्यास भिंत फोडावी लागते.

पूरक काळजी

तीन किंवा अधिक तारांनी नलिकेचे ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रफळ व्यापू नये, असा अमेरिकी संहितेचा नियम आहे. नलिकेची तोंडे घासून गुळगुळीत करणे, बुश बसवणे आणि काँक्रीट ओतताना बॉक्सची तोंडे बंद ठेवणे आवश्यक असते. घर्षण कमी करण्यासाठी फ्रेंच चॉकची पूड किंवा केबलसाठीचे खास वंगण वापरतात. खनिज तेल व ग्रीस पीव्हीसी आवरणास अपायकारक ठरू शकतात. पुढील काळात तारा वाढवण्याच्या सोयीसाठी रिकाम्या नलिकेत ओढतार ठेवण्याची पद्धत आहे.